पांढऱ्या पायाचा गिटारवाला

माझा भाऊ रामेश्वर गाण्यापायी गेला, असं आमचे शेजारीपाजारी म्हणतात. त्याची बायको सगुणा म्हणते, तो एका मेक्सिकन गिटारवाल्याच्या पायगुणानं गेला. दोन्ही खोटं आहे. मी दुबईत, ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेत संगीत शिकवते. माझा स्वभाव मुळातच तिखट, त्यात बेसूर पोरांनी आणखी फोडणी घातलेली. खोटं ऐकलं की मला गप्प बसवत नाही.

गिटारवाल्याचं नाव एवारिस्तो मोंतिएल. दोन हजार दोन साली तो शारजात रामेश्वरच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर बेडस्पेस, म्हणजे भाड्याची एक खाट, घेऊन राहायला आला. पन्नाशीला टेकलेला, केस पाठीवर, दाढी मात्र गुळगुळीत. संध्याकाळी गच्चीत बसून गिटार छेडायचा. रामेश्वर एसीचे डक्ट बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर होता आणि फावल्या वेळात 'खाडीपार ऑर्केस्ट्रा' चालवायचा. खरं तर तो ऑर्केस्ट्रा चालवायचा आणि फावल्या वेळात स्टोअर सांभाळायचा. काही संध्याकाळी त्यानं जिन्यात उभं राहून ते वाजवणं ऐकलं आणि मग एका शुक्रवारी त्या माणसाला सरळ जेवायलाच बोलावलं. मीही होते.

एवारिस्तोचं इंग्रजी तुटकं आणि हिंदी हॉटेलातली, त्यामुळे त्याची कहाणी मी मराठीतच सांगते. मेक्सिको शहरात सतराव्या वर्षी त्यानं पहिला बँड काढला. नाव 'लोस सोर्दोस', म्हणजे बहिरे. त्या काळी तिकडे रॉक म्हणजे वाया गेलेल्या पोरांचा उद्योग. सरकारला तो खपत नसे, रेडिओवर तो लागत नसे. मग ही पोरं गावाबाहेरच्या बंद कारखान्यांच्या शेडमध्ये वाजवायची. आत मुंगीला शिरायला जागा नाही आणि दार एकच. एकदा वायर पेटली. ढकलाढकलीत एवारिस्तो दाराबाहेर फेकला गेला, ड्रमवाला आतच राहिला.

दुसरा बँड 'पोल्वो', म्हणजे धूळ. हा चालला. त्यांची रेकॉर्ड निघाली, उत्तरेकडच्या गावांत पोरांनी भिंतींवर त्यांची नावं रंगवली. "आय वॉज फेमस. वन यिअर!" असं म्हणून तो हसला आणि सुरमईचा काटा काढत बसला. मग त्यांची बस घाटात उलटली आणि गायक गेला. पुढं त्यानं जहाजावरच्या बँडमध्ये नोकरी धरली. प्रवाशांना जेवताना ऐकू येतील न येतील अशी गाणी वाजवायची. तिथला पियानोवाला एका बंदरात उतरला तो परत आलाच नाही. चौऱ्याण्णवमध्ये तो अबुधाबीला आला आणि एका हॉटेलात फिलिपिनो मंडळींच्या बँडमध्ये लागला. चार वर्षं सुखाची गेली, मग गायिकेच्या घशात गाठ निघाली. शेवटी दुबईत तिघांनी मिळून पुन्हा रॉक सुरू केलं, अगदी तरुणपणीसारखं. त्यातला बास गिटारवाला जबल अलीच्या रस्त्यावर ट्रकखाली सापडला.

हे सगळं तो ज्या शांतपणे सांगत होता त्याचीच मला भीती वाटली. दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगावी तसा. सगुणा वाढायची थांबली होती. तिची बोटं पदराआड एकेक करून मिटत होती.

"अँड नाऊ?" माझी भाची अस्मीनं विचारलं. ती बारा वर्षांची, शारजातच वाढलेली.

"नाऊ अलोन. बेटर."

"अलोन? खलास!" रामेश्वर टाळी वाजवून म्हणाला. "फ्रॉम टुडे यू आर इन अवर बँड!"

एवारिस्तो हसला नाही. "नो, रामेश. नॉट गुड फॉर यू," असं म्हणाला. रामेश्वरला वाटलं, पाहुणा भिडेखातर नको म्हणतोय. आपल्याकडे तीनदा नको म्हटल्याशिवाय कुणी चौथी पोळी घेत नाही, आणि वाढणाराही ते 'नको' मनावर घेत नाही. त्यानं आग्रहाचा सपाटा लावला. पानात सुरमईचा आणखी एक तुकडा वाढला आणि ऑर्केस्ट्रातली जागाही. एवारिस्तोनं आणखी दोनदा नको म्हटलं. मग तो गप्प झाला आणि आम्ही त्याचा होकार धरला.

त्याला व्हिसा मिळवून द्यायला रामेश्वर मालकाच्या पायाच पडला म्हणा ना. व्हिसावर हुद्दा 'एसी टेक्निशियन'. त्या माणसाला टेबलफॅनसुद्धा धड पुसता येत नव्हता.

पण वाजवायचा काय! कोळीगीताला त्याची इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा लागली तेव्हा ढोलकीवर भिकाजी होता. भिकाजी देवरुखकडचा, साइटवर सुतारकाम करणारा, कुणाचंही कौतुक न करणारा गडी. तो ढोलकी थांबवून म्हणाला, "आयला, ह्येच्या हातात समुद्र हाय!" गणपतीतल्या कार्यक्रमाला यंदा हॉल फुटणार, असं रामेश्वर ज्याला त्याला सांगत सुटला. माझा भाऊ आयुष्यात इतक्या आनंदात मी पाहिला नव्हता. त्याच्या लग्नातसुद्धा नाही. हे सगुणाच्या देखत मी बोलायला नको होतं, पण बोलले.

तालमी शारजा औद्योगिक क्षेत्रात, कारखान्याच्या एका जुन्या गोदामात चालायच्या. पत्र्याची शेड, पुढं गुंडाळायचं शटर, आजूबाजूला गॅरेजेस. जून लागला आणि आत उभं राहववेना. रामेश्वरनं भिंतीत जुना एसी बसवला, पण एसी आणि अॅम्प्लिफायर दोन्ही लावले की गोदामाचा फ्यूज उडायचा. मग त्यानं जनरेटर भाड्यानं आणला, आठवड्याला शंभर दिरहॅम, म्हणजे तेराशे रुपये. त्याचा आवाज गाण्यात येऊ नये म्हणून तो बाहेर, मागच्या पत्र्याआड, एसीच्या पाठीशी ठेवला. पत्र्याला होत्या नव्हत्या त्या फटी भिकाजीनं फोम कोंबून बुजवल्या. सुताराचं काम, एक फट म्हणून सोडली नाही.

एवारिस्तोला बंद जागा सहन होत नसे. दर गाण्यानंतर तो उठायचा, शटर कमरेपर्यंत वर सारायचा आणि उंबऱ्याशी बसून सिगारेट ओढायचा. सिगारेट संपली तरी बसून राहायचा.

"अरे, थंडी सगळी बाहेर चालली!" रामेश्वर ओरडायचा.

"नो एअर, रामेश. हेड इज हेवी."

"सिगारेट सोड, म्हणजे हेड लाइट होईल," मी एकदा त्याला सुनावलं. मी सुरांचं बघायला कधीमधी जायची. तो मान डोलावून हसला. मला तो 'माएस्त्रा' म्हणायचा, म्हणजे मास्तरीणबाई. शटर मात्र त्यानं वरच ठेवलं आणि एसीपुढं बसलेल्या सगळ्यांनी त्याला मराठीत शिव्या घातल्या. त्या त्याला कळत नसत असं ते समजत.

जुलैत डोकी दुखायला लागली. आधी रामेश्वरचं, मग भिकाजीचं. तालीम संपवून घरी आलं की मळमळ, भोवळ, अंगात त्राण नाही. घरी झोपलं की सकाळी बरं. मी म्हटलं, उन्हाळा आहे, पाणी प्या. भिकाजी म्हणाला, कायतरी वंगाळ हाय शेडमधी. सगुणानं हिशेब केला. तो माणूस आला आणि डोकी दुखायला लागली. तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"वन्सं, तो पांढऱ्या पायाचा आहे. पाच बँड, पाचही ठिकाणी घात. आता हा सहावा."

आजवर हा मान आपल्याकडे नव्या सुनांना मिळत आलाय. पुरुषाला मिळालेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तोही थेट मेक्सिकोच्या. मी तिला तसं म्हटलंही. "अगं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ. दारू, बस आणि पडक्या शेडी यांत तीस वर्षं काढली तर कुणी ना कुणी जाणारच. पाची बँड काय अमरपट्टा घेऊन येतात?"

"आई, दॅट्स नॉट इव्हन लॉजिकल," अस्मी दारातून म्हणाली.

"तू अभ्यास कर," सगुणा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली. दूरदेशी नवरा हाच तिचा अख्खा गाव होता.

ऑगस्टच्या सुरुवातीला भिकाजी ढोलकी वाजवता वाजवता एका अंगावर कलंडला. त्याला शटरबाहेर ओढून आणलं, तोंडावर पाणी मारलं, तसा घटकाभरात उठून बसला. ओढून आणणारा एवारिस्तोच होता. शुद्धीवर आल्यावर भिकाजीला पहिलं त्याचंच तोंड दिसलं आणि तो लहान पोरासारखा मागं सरकला.

सगुणानं येऊन सगळ्यांची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, मिरच्या उतरवून बाहेर आवारात शेगडीत टाकल्या. मिरच्या जळल्या, पण कुणाला ठसका लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट भारी, हे सगळ्यांना पाठ. आवारात वारा भणाणत होता आणि धूर पार गॅरेजकडे चालला होता, हे कुणी बघेना. शेजारच्या गॅरेजातला अजीज तेवढा ठसकत बाहेर आला आणि कुणी काय पेटवलंय म्हणून बघून गेला.

"दादा, तो न्हायतर मी," भिकाजी रामेश्वरला म्हणाला. "माझी दोन पोरं हायती गावाला."

कार्यक्रम तोंडावर. ढोलकीशिवाय ऑर्केस्ट्रा म्हणजे मिठाशिवाय आमटी. रामेश्वर रात्रभर कूस बदलत राहिला, असं सगुणा सांगते. मी त्याला फोनवर फैलावर घेतलं. तो म्हणाला, "अक्का, तुझं सगळं पटतं गं. पण भिकाजीला काही झालं तर तू येणार आहेस का देवरुखला त्याच्या बायकोला सांगायला?" 

त्यानं एवारिस्तोला खोटंच सांगितलं, गणपतीच्या कमिटीला फक्त मराठी कलाकार हवेत. एवारिस्तोनं वाद घातला नाही. गिटार गुंडाळली, वायरी नीट वेटोळ्या केल्या. "आय नो, रामेश. आय वेट फॉर धिस," एवढंच म्हणाला. त्याच आठवड्यात तो अबुधाबीला निघून गेला. जाताना अस्मीला त्यानं गिटारची एक तार दिली. सगुणानं ती कचऱ्यात टाकली.

मग शटर बंद झालं. पूर्ण, जमिनीपर्यंत. शेड छान गार पडली. डोकेदुखी वाढली, तर सगुणा म्हणाली, पीडा जाता जाता जोर करतेच. सगळ्यांना पटलं. मलासुद्धा वाटलं, वाद मिटला ना, मग म्हणू दे काय म्हणायचं ते.

घात झाला त्या दिवशीही शुक्रवारच होता. रामेश्वर आणि भिकाजी एका गाण्याची सुरुवात बसवायला दुपारीच गोदामात गेले, बाकीचे संध्याकाळी येणार होते. अजीज नमाज पढून, जेवून गॅरेजात परतला. तो नंतर मला म्हणाला, "आपा, गाना बंद हो गया था और जनरेटर चल रहा था. मैंने सोचा चाय पी रहे होंगे. फिर बहुत देर हो गई." त्यानं शटरवर थापा मारल्या, मग पहारीनं ते उचकटलं. भिकाजी शटरपासून हातभर अंतरावर पालथा पडला होता. रामेश्वर कीबोर्डवर मान टेकून बसला होता, गाल छान लाल, झोपल्यासारखा. कीबोर्डमधून एकच सूर अखंड वाजत होता, असं अजीज म्हणतो.

भिकाजी वाचला. पण त्याची बोटं थरथरतात आणि आपल्या धाकट्या पोराचं नाव त्याला आठवावं लागतं. माझा भाऊ वाचला नाही.

हॉस्पिटलातला डॉक्टर तरुण होता. त्यानं मला बाजूला घेऊन समजावलं. जनरेटरच्या धुरातला वायू, एसीवाटे आत ओढला गेलेला. त्याला रंग नाही, वास नाही, आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. "तिथं हवा कुठून यायची?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, शटरमधून.  दर गाण्यानंतर कमरेपर्यंत वर जाणारं ते शटर! अख्खा जून आणि जुलै ही माणसं कुणाच्या हवेवर जगली, ते मला हॉस्पिटलच्या त्या पांढऱ्याफेक पॅसेजमध्ये उभ्या उभ्या कळलं.

मी सगुणाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, तो यायच्या आधी जनरेटर होता का? नव्हता. मग आणावा लागला तो कुणाच्या गिटारीपायी?" नवरा गेलेल्या बाईशी काय भांडायचं? तिला कुणावर तरी सगळं टाकायचं होतं, आणि वायूवर कुणाला राग काढता येतो?

बॉडी गावी न्यायच्या आदल्या दिवशी अस्मी माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, एवारिस्तो वॉज स्टँडिंग डाउनस्टेअर्स. अक्रॉस द रोड. फॉर अ लाँग टाइम. आईनं पडदा ओढला." मग थोड्या वेळानं म्हणाली, "समबडी शुड टेल हिम इट वॉज द गॅस." बाराच वर्षांची पोर, पण घरात शहाणी तेवढी तीच होती.

गावचं सगळं आटोपून मी परत आले आणि अबुधाबीला गेले. तो एका हॉटेलात होता. तिथं लेबनॉनच्या चार तरुण मुलांचा बँड होता आणि त्यांचा गिटारवाला सोडून गेला होता. एवारिस्तो त्यांचं सामान उचलायचा, गिटारी सुरात लावून द्यायचा, पण स्वतः वाजवायला तयार नव्हता. ती मुलं रोज विचारत आणि तो रोज नाही म्हणे. स्टाफच्या कँटीनमध्ये आम्ही बसलो. तो इतका वाळला होता की शर्ट दुसऱ्याचा वाटत होता.

"माएस्त्रा, मी रामेशला सांगितलं होतं. तीन वेळा," तो म्हणाला. "आता ही मुलं विचारतात. लहान आहेत. मी त्यांच्यात जाणार नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. जनरेटर, फोम, वायू, डॉक्टर. त्याला इंग्रजी शब्द कळेना तेव्हा हातांनी करून दाखवलं. "तुझा काहीएक दोष नाही, एवारिस्तो. उलट तू होतास तोवर ते जिवंत होते. तू शटर उघडत होतास. आम्ही तुला शिव्या देत होतो आणि तू त्यांना वाचवत होतास!"

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा असा काही मोकळा झाला की मला रडू फुटलं. माणसाच्या पाठीवरचं तीस वर्षांचं ओझं उतरताना मी डोळ्यांनी पाहिलं. तो हसला, त्यानं माझे दोन्ही हात धरले, स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटला. पहिल्या बँडमधल्या त्या ड्रमवाल्याचं नाव त्यात होतं. मी मनात म्हटलं, रामेश्वरा, निदान एक माणूस तरी सुटला बाबा.

चहा आला. तो घोटभर प्याला आणि कप खाली ठेवला.

"मी गेल्यावर," त्यानं विचारलं, "शटर?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण सुचायला जेवढा वेळ लागतो तेवढा मी घेतला, आणि त्यानं तो पाहिला.

"बंद," मी म्हणाले. "एसीसाठी."

"आणि मी राहिलो असतो तर?"

मी मान खाली घातली.

"आधी मी होतो म्हणून मेले," तो अगदी हळू म्हणाला. "आता मी नव्हतो म्हणून."

मी काय काय बोलले ते आठवत नाही. तू आपणहून गेला नाहीस, आम्ही तुला काढलं, असं बरंच काही. ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्याला सोडवायला म्हणून मी एवढ्या लांब गेले आणि बिचाऱ्याला आगीतून काढून फुफाट्यात टाकलं.

तेवढ्यात कँटीनच्या दाराशी ती मुलं आली. हसरी, केसांना जेल लावलेली, आमच्या शाळेतल्या बारावीच्या पोरांएवढी. "यल्ला, हबीबी! साउंडचेक! टुडे यू प्ले विथ अस, नो?" त्यांच्यातला एकजण त्याची गिटार हातात धरून उभा होता.

एवारिस्तो उठला. दोन पावलं त्यांच्याकडे गेला आणि थांबला. वळून दोन पावलं माझ्याकडे आला आणि पुन्हा थांबला. त्यांच्यात गेलो तर काय होईल आणि नाही गेलो तर काय होईल, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता येत होतं. मुलं हसत होती. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

माझ्या बसची वेळ झाली होती. मी निघाले तेव्हाही तो तिथंच, मध्येच उभा होता.